रात्रभर चार्ज केलेली बॅटरी चौथ्या दिवशी पुन्हा का बसते?

सकाळी चावी फिरवली की नुसतं टक् टक्. बॅटरी काढून रात्रभर चार्जरला लावली, हिरवा दिवा लागला, गाडी झटक्यात सुरू झाली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच टक् टक्. इंदूरमध्ये ही तक्रार वर्षातून दोनदा हमखास येते. एकदा सुट्टीत पुण्या-नाशकाला पंधरा-वीस दिवस राहून परतल्यावर, आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरला की. मग कोणी ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी आणतो, कोणी ‘चार्जर बोगस’ म्हणून दुकानदाराशी भांडतो. दोन्ही खरं असू शकतं, पण अंदाजानं ठरवायची ही गोष्ट नव्हे. चार्जिंगच्या आगेमागे पाच आकडे वहीत लिहिले, तर दोष बॅटरीत आहे, चार्जरमध्ये आहे, इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोत आहे की गाडीत कुठं वीज गळतेय, ते बहुतेक वेळा घरीच कळतं.

त्यासाठी डिजिटल मल्टिमीटर हवा. महाराणी रोडला किंवा जेल रोडला पाचशेच्या आत मिळतो. १० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलेलाच घ्या. पाण्याची, म्हणजे झाकणं उघडून पाणी घालता येणारी बॅटरी असेल तर ऍसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटरही घ्या. बाकी दहाचा पाना, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, खाण्याचा सोडा आणि डिस्टिल्ड वॉटर. अंगठ्या, कडं, मंगळसूत्र आधी काढून ठेवा. पाना पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि अंगठी गाडीच्या पत्र्याला, एवढं झालं तर अंगठी क्षणात लाल होते.

पहिला आकडा: चार्ज करण्याआधी

गाडी निदान सहा-आठ तास बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली पाण्याची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, सीलबंद बॅटरी १२.८ च्या आसपास. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ‘बारा व्होल्ट आहेत की, मग बॅटरी चांगली आहे’ हा समज इथंच मोडतो.

आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल तर एक सेल मेल्याची दाट शंका घ्या, कारण १२.६ मधून नेमका एका सेलचा वाटा गेलेला असतो. अशी बॅटरी चार्जरवर कितीही तास ठेवली तरी १२.६ पकडत नाही. आणि बाजू फुगल्या असतील, डबा तडकला असेल किंवा ऍसिड झिरपत असेल तर चार्जर लावूच नका.

चार्जर किती अँपिअरचा

बॅटरीवर छापलेल्या एएचचा (अँपिअर-तासांचा, म्हणजे साठवणक्षमतेचा) दहावा भाग, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. छोट्या पेट्रोल गाडीच्या ३५ एएच बॅटरीला ३.५ अँपिअर. स्कूटरच्या ४ एएच बॅटरीला ०.४. गफलत होते ती दुचाकीत. घरात कारचा ५ अँपिअरचा चार्जर असतो, तोच ॲक्टिवाच्या बॅटरीला लावला जातो. बॅटरी तापते, आतली झडप उघडून वायू बाहेर जातो, आणि सीलबंद बॅटरीत गेलेलं पाणी परत भरता येत नाही. दोन-तीनदा असं झालं की ती बॅटरी वरून ठणठणीत आणि आतून कोरडी. दुचाकीच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर किती अँपिअर आणि किती तास, हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते वाचा. चार्जरवर दुचाकीची वेगळी सेटिंग नसेल तर तो दुचाकीला लावू नका.

चार्जर ‘ऑटो कट’वालाच हवा: १४.४ व्होल्टपर्यंत नेणारा आणि नंतर १३.५ च्या आसपास उतरणारा. नुसता ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असलेला लोखंडी डब्याचा चार्जर थांबत नाही. पंधरा-सोळा व्होल्टपर्यंत चढवत राहतो. तो वापरणाऱ्यानं दर अर्ध्या तासाला मीटर लावून पाहिलंच पाहिजे, आणि गाडीला जोडलेल्या बॅटरीला तो कधीच लावायचा नाही, कारण तेवढ्या व्होल्टेजनं गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला धोका असतो.

मे महिन्याचा एक वेगळा मुद्दा. १४.४ हा आकडा साधारण २५ अंशांसाठी आहे. दर अंशामागे सुमारे २० मिलीव्होल्ट कमी लागतात, म्हणजे पारा ४० वर असताना १४.१ पुरतात. उन्हात तापलेल्या पार्किंगमध्ये पूर्ण १४.४ वर तासन्‌तास ठेवलेली बॅटरी पाणी उडवते. बॅटरी बिघडते उन्हाळ्यात आणि उघडी पडते थंडीत, म्हणून तर जानेवारीत रांगा लागतात.

कुठं ठेवायची

चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एका ठिणगीवर पेट घेतो. तो हवेपेक्षा हलका, त्यामुळे वर चढून छताशी साठतो. जुन्या घरात जिन्याखाली इन्व्हर्टरच्या ट्रॉलीशेजारी मोकळी जागा असते आणि तिथंच बॅटरी ठेवली जाते. नेमकी ती जागा वाईट. वर जिन्याची तिरकी फरशी, आत वारा नाही. स्वयंपाकघर, गॅस गीझरची मोरी आणि जिथं समई तेवते त्या देवघराची खोली, तिन्ही बाद. घराबाहेरचा ओटा, गॅलरी, गच्चीवरची सावली चालेल.

बॅटरीखाली लाकडी पाट किंवा प्लास्टिकचा ट्रे घाला. जमिनीवर ठेवली की बॅटरी ‘उतरते’ हा समज जुन्या लाकडी-रबरी पेट्यांच्या काळातला. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला तो लागू नाही. पाट हवा तो फरशीसाठी. आपल्याकडे घराघरांत कोटा स्टोन किंवा संगमरवर असतो, दोन्ही चुनखडीच्या जातीचे. ऍसिडचा एक थेंब पडला की फेस येतो आणि पांढरा डाग कायमचा राहतो. थेंब पडलाच तर लगेच सोडा भुरभुरवा, फेस थांबला की पाण्यानं धुवा. अंगावर उडालं तर मात्र सोडा नाही, वाहतं पाणी. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून निदान पंधरा-वीस मिनिटं पाणी आणि मग थेट डॉक्टर.

मल्टीच्या, म्हणजे बहुमजली इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी असली की तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडावी लागते. इथं उलटं करणारे बरेच: चार्जर घरात आणि बॅटरीकडे जाणारी वायर वाढवून खाली. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडवायर दहा मीटर नेली तर ४ अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वाटेतच जातो. चार्जर १४.४ समजतो, बॅटरीला मिळतात १३.४, आणि ती रात्रभरातही भरत नाही. लांब करायची ती २३० व्होल्टची बाजू. चार्जर बॅटरीजवळ हवा. ५ अँपिअरचा चार्जर भिंतीतून अर्धा अँपिअर घेतो, त्यामुळे वायर तापायची भीती नाही. भीती असते टेप गुंडाळलेल्या जोडाची, ओल्या फरशीची आणि वायरीवरून जाणाऱ्या चाकाची. एकसंध तीन कोरची वायर, अर्थिंग असलेलं सॉकेट आणि घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), एवढं असल्याशिवाय खाली वायर सोडू नये. पाऊस असेल तर नाहीच.

जोडणीचा क्रम

बॅटरी काढणार असाल तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना पत्र्याला लागला तर निगेटिव्ह पत्र्यालाच जोडलेली असल्यानं सरळ शॉर्ट होतो. बसवताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. काही गाड्यांत बॅटरी सोडल्यावर म्युझिक सिस्टिम कोड मागते, तो आधी शोधून ठेवा.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर कोमट पाण्यात चमचाभर सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून, घट्ट आवळून, वरून व्हॅसलीनचा हात. चार्ज धरत नाही म्हणून आणलेल्या कितीतरी बॅटऱ्यांचा रोग एवढाच असतो.

पाण्याच्या बॅटरीची झाकणं उघडून पातळी पाहा. प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला. खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंगनंतर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वाढून ऍसिड वर येतं. आरओचं पाणी नाही, एसीतून टपकणारं नाही, आणि ऍसिड तर मुळीच नाही. बॅटरीतून उडून जातं ते पाणी. ऍसिड आतच असतं.

चार्जरचा प्लग काढलेला असताना लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला लावा. बॅटरी गाडीतच असेल तर काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला. यात दोन फायदे. ठिणगी पडली तरी वायूपासून लांब पडते. शिवाय सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो. चिमटा थेट तिथं लावला तर बॅटरीत किती भर पडली ते गाडीला कळतच नाही. मग प्लग, मग स्विच. काढताना स्विच आधी, पाच मिनिटं थांबा, मग चिमटे. बॅटरी फुटण्याचे प्रकार होतात ते याच क्षणी: चार्जर चालू ठेवून चिमटा ओढला की नेमकी वायूच्या जागी ठिणगी.

वेळेचा हिशेब सोपा आहे. ३५ एएचची बॅटरी १२.२ वर असेल तर निम्मी, म्हणजे साडेसतरा एएच भरायचे. वाया जाणारी वीज धरून वीस-एकवीस. ३.५ अँपिअरनं सहा तास, आणि शेवटचा टप्पा हळू जातो म्हणून आणखी दोन-तीन तास. तेव्हा रविवारी सकाळी सहाला लावा, दुपारनंतर काढा. रात्री लावून झोपण्यापेक्षा हे कधीही बरं. दर तासाला डब्याला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर स्विच भिंतीवरून बंद करा, खिडक्या उघडा, आणि निवेपर्यंत बॅटरीला हात लावू नका.

दुसरा आकडा: हिरव्या दिव्यानंतर बारा तासांनी

हिरवा दिवा एवढंच सांगतो की व्होल्टेज वर गेलं आणि करंट कमी झाला. चार्जर काढल्याबरोबर मीटर १३ दाखवतं. ते वरवरचं असतं. बारा तास बॅटरी तशीच ठेवा, मग मोजा.

१२.६ किंवा जास्त टिकलं तर बॅटरीवरचा संशय बराच कमी झाला, पुढे गाडीकडे वळा.

१२.३ ला किंवा खाली आलं, आणि चार्जरनं दीड-दोन तासांतच हिरवा दिवा दिला होता, तर सल्फेशन. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धी राहिली की प्लेटांवरचे लेड सल्फेटचे बारीक कण घट्ट, मोठे होतात. प्लेटेचा तेवढा भाग कामातून जातो. उरलेला लगेच भरतो, व्होल्टेज पटकन चढतं, चार्जरला वाटतं झालं. थोडं साठलं असेल तर कमी करंटनं, ३५ एएचला १ ते १.५ अँपिअरनं, दिवसभराच्या दोन फेऱ्या दिल्या की काही ताकद परत येते. जुनं सल्फेशन जात नाही. त्यावरच्या जादूच्या पुड्या सेलमध्ये टाकू नका.

उलट प्रकारही असतो: दहा-बारा तास झाले तरी हिरवा दिवा नाही. भरत आलेल्या ३५ एएच बॅटरीत करंट १ अँपिअरच्या खाली यायला हवा. तो तीनवरच राहिला, बॅटरी तापतेय आणि एका सेलमध्ये बुडबुडे नाहीत, तर तो सेल आतून शॉर्ट आहे. हायड्रोमीटर नक्की सांगतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीत सगळ्या सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ऍसिडची घनता, १२५० च्या आसपास हवी. पाच सेल १२५० आणि एक ११८० असेल तर विषय संपला. ५० अंकांहून जास्त तफावत घेऊन बॅटरी चालत नाही.

तिसरा प्रकार, चार्जर सुरूच होत नाही. चिमटे उलटे नाहीत ना, टर्मिनल स्वच्छ आहे ना, ते आधी पाहा. तेही ठीक असेल तर बॅटरी इतकी उतरली आहे की स्मार्ट चार्जर तिला ओळखत नाही. तिला शेजारच्या गाडीची बॅटरी समांतर जोडून ‘उठवण्याचा’ प्रयोग घरी करू नये. दोन बॅटऱ्यांमधल्या करंटवर कसलाही लगाम नसतो. दुकानात हातानं करंट ठरवता येणारा चार्जर असतो, तिथं अर्धा तास पुरतो.

तिसरा आणि चौथा आकडा: सेल्फ मारताना, इंजिन चालू असताना

मीटर टर्मिनलांवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. भरलेल्या बॅटरीत आकडा १० च्या वर राहायला हवा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर. ११ च्या वर राहूनही सेल्फ फिरत नसेल तर दोष बॅटरीत नाही. सेल्फ मोटर, तिची रिले किंवा बॉडीला जाणारी अर्थची पट्टी पाहा.

इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू: १३.८ ते १४.५. त्याहून बरंच खाली, १३ च्या आसपास राहिलं तर दोष डायनॅमो, त्याचा पट्टा किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर यांत. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला, आणि बॅटरी रोज उकळतेय; पाणी सारखं कमी होण्याचं कारण हेच. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला डायनॅमो मुद्दाम मंद ठेवतात, म्हणून दिवे लावूनच मोजा, नाहीतर चांगल्या डायनॅमोवर आळ येईल. दुचाकीत हा आकडा थोडी रेस देऊन घ्यायचा.

सगळे आकडे ठीक आणि तरी बॅटरी बसते, तर वापर विचारात घ्या. सुदामानगरहून राजवाडा, जाममध्ये एसी लावून, दिवसातून एकदा: इंजिन बहुतेक वेळ मंद चालतं, डायनॅमो जेमतेम खर्च भागवतो. अशा गाडीला महिन्यातून एकदा घरी पूर्ण चार्ज देणं हाच इलाज.

पाचवा आकडा: बंद गाडीत गळणारा करंट

सुट्टीवरून आल्यावर बसणाऱ्या बॅटरीचं उत्तर बहुधा इथं असतं. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. दरवाजे बंद, चावी लांब. निगेटिव्ह केबल सोडून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. या अवस्थेत इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आधी आकडा मोठा दिसेल. गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला अर्धा तास द्या.

२० ते ५० मिलीअँपिअर हे नेहमीचं. तेवढंही कमी नाही: ५० म्हणजे दिवसाला १.२ एएच, वीस दिवसांत २४, आणि ३५ ची बॅटरी पावाच्या जवळ आली. स्कूटरला जीपीएस ट्रॅकर २० मिलीअँपिअर ओढत असेल तर दिवसाला जवळपास अर्धा एएच. ४ एएचची बॅटरी आठ दिवसांत रिकामी.

१०० च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढून पाहा, आकडा कुठं पडतो ते. सापडणारे गुन्हेगार ठरलेले: बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, थेट बॅटरीवरून घेतलेला डॅशकॅम, डिकीतला न विझणारा दिवा. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर डायनॅमोची जाड वायर सोडून पाहा. आतला डायोड गळत असतो.

तीन आठवडे गावाला जाणार असाल तर निघण्याआधी पूर्ण चार्ज आणि निगेटिव्ह काढून ठेवा. दरवाजा साध्या चावीनं उघडतो ना, हे आधी तपासा. नाहीतर परत आल्यावर बॉनेटपर्यंत पोचणंच अवघड.

हे जुगाड नकोत

इन्व्हर्टरच्या तारांवर कारची बॅटरी लावणं: तो १५० एएचच्या बॅटरीसाठी दहा-पंधरा अँपिअर सोडतो, ३५ वाल्या कारला ते तिप्पट-चौपट. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर: त्याला थांबायचं कधी हे माहीत नाही. आणि लिथियमची ई-स्कूटर असेल तर वरचं काहीच लागू नाही. तिला फक्त तिचाच चार्जर, जिन्यात किंवा घराच्या एकमेव दारात चार्जिंग नाही, आणि उन्हातून आल्यावर बॅटरी निवल्याशिवाय लावायची नाही.

बॅटरी बदलायचीच ठरली तर वहीतले पाचही आकडे दुकानात दाखवा. वॉरंटीत असेल तर ते लोड टेस्ट करून देतात आणि बोलणं लवकर मिटतं. जुनी बॅटरी कचरागाडीत किंवा फोडणाऱ्या भंगारवाल्याला न देता तिथंच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि किमतीतून वजावटही मिळते. नवी घेताना बनवल्याचा महिना पाहा आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच मीटर लावा. १२.६ दिसलं तर ठीक. १२.४ च्या खाली असेल तर ती महिनोन्‌महिने रॅकवर पडून आहे. दुसरी काढायला सांगा.